आधी कानातला कापूस काढा

'ताई, मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला, वय 29. सीझनला किनाऱ्यावरच्या एका क्लबात बार सांभाळतो, पावसाळ्यात घरची शेती-बागायत. घुमट हे मातीचं वाद्य आमच्या घरात पिढीजात. डिसेंबरअखेर सलग तीन रात्री काम केलं. चौथ्या रात्री सुटी मिळाली तेव्हा मित्रांबरोबर मोठ्या शोला गेलो आणि अगदी पुढे, स्पीकरच्या भिंतीसमोर उभा राहिलो. घरी आलो तेव्हा कानांना दडे बसलेले आणि आत किर्र आवाज. दडे दोन दिवसांत सुटले, आवाज राहिला. आता दीड महिना होत आला. दोन्ही कानांत सारखाच, रात्री जास्त. डॉक्टरांनी टॉर्चने कान पाहिले, म्हणाले काही नाही, सवय होईल, आणि बीटाहिस्टीनच्या गोळ्या दिल्या. आई लसणीचं तेल घालते. घरी मी दिवसभर कानात कापूस घालून असतो. रात्री मोबाईलवर याच्याबद्दल वाचत बसतो, तीन वाजतात. हा आवाज जाणार का? काम सोडू का? शिगमो तोंडावर आलाय, मेळात ढोल वाजवू की नको? आणि जन्मात परत कधी शोला जायचंच नाही का?'

तुमच्या चारही प्रश्नांकडे येते. पण आधी कानातला कापूस काढा.

तुम्ही नेमकं उलटं करताय. बारवर, जिथे छातीत ठोके बसतात एवढा आवाज, तिथे कान उघडे. घरी, जिथे फार तर शेजारचा कुत्रा भुंकेल, तिथे कापूस. गोंगाटात कापसाचा उपयोग जवळपास नाही. आवाजाची धार जराशी बोथट होते, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, एवढंच. शांत घरात मात्र तो नुकसान करतो. पंखा, भांडी, पाखरं, रस्त्यावरून गेलेली स्कूटर हे बारीकसारीक आवाज अडले की आतला किर्र एकटाच उरतो. शिवाय कान सतत झाकलेले राहिले की मेंदू आणखी टवकारून ऐकायला लागतो. मग काही महिन्यांनी साधा स्टीलचा पेला पडला तरी माणूस दचकून कान धरतो. दुखण्यापेक्षा जपणुकीनेच जास्त बेजार झालेली अशी माणसं माझ्याकडे तपासणीला नेहमी येतात. तुम्ही त्या वाटेला लागू नका.

आत काय झालंय ते तुमच्याच क्लबातल्या उदाहरणाने सांगते. एखाद्या माईकची केबल अर्धी तुटली आणि आवाज क्षीण यायला लागला, की साउंडवाला काय करतो? त्या चॅनेलचा गेन, म्हणजे आलेला आवाज किती मोठा करायचा ते बटण, वाढवतो. गायकाचा आवाज थोडा वर येतो, पण त्याच्याबरोबर आधी ऐकूही न येणारी खरखर वर येते. तुमच्या बाबतीत तेच झालंय. अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीत, कॉक्लियात, सुमारे 15,000 केशपेशी असतात. ध्वनीची थरथर त्या पकडतात आणि नसेकडे देतात. मोठ्या आवाजाने त्यांतल्या काही थकतात, काही कायमच्या जातात. पक्ष्यांच्या आणि माशांच्या केशपेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. मोठ्या आवाजाचा पहिला फटका बहुतेक वेळा 4,000 हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांना बसतो. तिथून येणारा संदेश कमी पडला की मेंदू त्या पट्ट्याचा गेन वाढवतो, आणि जी खरखर वर येते ती तुमची किर्र. म्हणून ती ढोलासारखी घुमणारी नाही, उंच आणि बारीक आहे.

दडे दोन दिवसांत सुटले म्हणून सगळं पूर्ववत झालं असं धरून चालू नका. शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी 2009 साली उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना 100 डेसिबल आवाजात दोन तास ठेवलं. काही दिवसांत त्यांची श्रवणक्षमता तपासणीत परत आलेली दिसली, पण केशपेशी आणि नस यांच्यामधले सांधे काही भागात निम्म्यापर्यंत तुटलेले होते. माणसात हे कितपत लागू होतं यावर अजून वाद आहे. एवढं मात्र खरं की टॉर्चने कान पाहून 'काही नाही' म्हणता येतं ते पडद्यापुरतं. पडद्याच्या आत टॉर्चचा उजेड जात नाही.

म्हणून पहिलं काम, नीट श्रवणचाचणी. प्युअर टोन ऑडिओमेट्री म्हणतात तिला. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळ्या पट्टीचे बारीक स्वर ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम, दुखत-खुपत काही नाही. नेहमीची चाचणी 8,000 हर्ट्झपर्यंत असते. 3,000 आणि 6,000 हर्ट्झही तपासा असं आवर्जून सांगा, घाईच्या तपासणीत ते गाळले जातात आणि तुमचा खड्डा नेमका तिथेच असू शकतो. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कान-नाक-घसा विभागात जा. रांग असेल, सकाळी लवकर निघा. चाचणीच्या आदल्या दोन-तीन रात्री बारवर जाऊ नका, नाहीतर थकलेल्या कानाचा आलेख निघेल. आलेखाची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. पुढच्या वर्षी तुलनेला तीच लागणार आहे.

तुमच्या पत्रात धोक्याची खूण मला दिसली नाही, पण या सदराचे वाचक पुष्कळ आहेत म्हणून सांगून ठेवते. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, अगदी एका रात्रीत, तर दडे बसलेत समजून वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यावर स्टिरॉइडचा उपचार असतो आणि तो जितका लवकर तितका बरा. दोन आठवडे उलटले की संधी फार कमी होते. कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, एकाच कानात असेल, सोबत गरगरत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडत असेल, तरीही थांबायचं नाही.

आता लसणीचं तेल. आईला माझा नमस्कार सांगा आणि बाटली परत स्वयंपाकघरात ठेवायला सांगा. तुमचं दुखणं पडद्याच्या पलीकडे आहे, तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं. पडद्याला भोक असलंच तर ते आत जाऊन वेगळंच निस्तरावं लागतं. त्यात आपली हवा दमट, कानाच्या ओलसर नळीत बुरशी धरायला वेळ लागत नाही. गोळ्यांचंही थोडक्यात. बीटाहिस्टीन हे मेनिएर्स नावाच्या, गरगरण्याच्या विकारावर देतात. निव्वळ टिनिटसवर, म्हणजे कानातल्या अशा आवाजावर, त्याचा उपयोग होतो असा पुरावा कॉक्रेन या अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात सापडला नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवा. गिंको या झाडाच्या अर्काच्या कॅप्सूल, झिंक, 'नसांची टॉनिकं' यांवर पैसे घालवू नका. टिनिटस मुळासकट काढणारी गोळी आज जगात कुठेच नाही, आणि ती आपल्याकडे आहे असं सांगणारा माणूस काहीतरी विकत असतो. उलट काही औषधं कानात आवाज आणतात किंवा वाढवतात: मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, क्विनीन, जेंटामायसिन-अमिकासिनसारखी इंजेक्शनं. पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात की 'मला टिनिटस आहे' हे आधी सांगा.

जाणार का, हा तुमचा पहिला प्रश्न. शोनंतरचा किर्र बहुतेकांचा एक-दोन दिवसांत जातो. तुमचा दीड महिना टिकलाय, तेव्हा थोडाफार राहू शकतो, हे तुमच्यापासून लपवत नाही. अजूनही तो ओसरू शकतो. सहा महिने उलटल्यावरच आम्ही त्याला टिकाऊ म्हणतो. पण आवाज असणं आणि आवाजाचा त्रास असणं या दोन गोष्टी सोबत चालतातच असं नाही. 1953 साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी कानाची काहीही तक्रार नसलेल्या 80 जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. 94 टक्के लोकांनी काही ना काही ऐकलं: गुणगुण, शिट्टी, किर्र. म्हणजे आतला आवाज जवळजवळ सगळ्यांकडेच असतो, फक्त मेंदू त्याला दारात उभं करत नाही. तुमच्या मेंदूने सध्या त्याला धोका मानलंय. तो धोका नाही हे त्याला पटायला काही महिने जातात, पण बहुतेकांच्या बाबतीत पटतं. 'सवय होईल' हे तुमच्या डॉक्टरांचं वाक्य चूक नव्हतं. ती कशी लावून घ्यायची ते सांगायला त्यांना वेळ नव्हता, आणि हा आमच्या ओपीडींचा जुनाच रोग आहे.

सवय लावायची ती अशी. रात्री खोली निःशब्द ठेवू नका. तुम्हाला आत्तापर्यंत पंख्याची घरघर नको वाटत असेल, पण आता तिची मदत घ्या. फेब्रुवारीत पहाटे गारवा असतो, पंखा नको असेल तर मोबाईलवर पावसाचा आवाज लावा. खुबी एवढीच की तो किर्रपेक्षा किंचित हळू हवा. किर्र पूर्ण बुडवून टाकला तर मेंदूला त्याची ओळख पटणार नाही. तो मागे ऐकू येतोय आणि तरी आपण झोपतोय, हे घडायला हवं. कानात इअरबड घालून झोपू नका, उशाशी छोटा स्पीकर पुरतो. पुढच्या जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की तुम्हाला वाटेल, गेला आवाज. मग ऑक्टोबरात पाऊस उघडेल आणि वाटेल, परत वाढला. तो वाढलेला नसेल. पावसाचं पांघरूण गेलेलं असेल, आणि नेमकं तेव्हाच सीझन सुरू होत असल्याने घाबरायला निमित्तही तयार असेल. हे आत्ताच डोक्यात ठेवा.

मोबाईलवर टिनिटसबद्दल वाचणं थांबवा. तीन वाजेपर्यंत जे वाचता ते बहुधा ज्यांना बरं वाटलं नाही त्यांनीच लिहिलेलं असतं. बरं वाटलेली माणसं रात्री झोपतात. किर्र आज किती आहे हे दर तासाला तपासायचंही थांबवा. फेणी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटत असेल, पण दारूची झोप मध्यरात्रीनंतर तुटते आणि तुटलेल्या झोपेत किर्र मोठा होतो. चहा-कॉफी बंद करायची गरज नाही, संध्याकाळनंतरची तेवढी टाळा.

महिना-दोन महिन्यांत झोप रुळावर आली नाही, किंवा सारखी धास्ती वाटत राहिली, तर सीबीटी नावाच्या, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाला जा. टिनिटसचा त्रास कमी करण्यात सगळ्यात भक्कम पुरावा याच उपचाराचा आहे. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात यावरचे 28 अभ्यास तपासले होते. आवाज त्याने कमी होत नाही, त्याची झोंबी कमी होते. बांबोळीलाच आयपीएचबी, म्हणजे सरकारी मनोरुग्णालय, आहे, तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना विचारा. आयपीएचबीत गेला म्हटलं की गावात तोंडं फिरतात हे मला माहीत आहे. त्या तोंडांना रात्री तीन वाजता किर्र ऐकू येत नाही. कधी मन फारच काळवंडलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो. श्रवणचाचणीत उंच स्वरांचा मोठा खड्डा निघाला तर श्रवणयंत्राचाही विचार करता येतो. वय 29 म्हणून लाजायचं कारण नाही, हरवलेला स्वर परत मिळाला की मेंदू गेन उतरवतो आणि बऱ्याच जणांचा किर्र मागे सरतो.

आता कामाचं. इथे मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण तुमचा कान चौथ्या रात्रीच्या शोने गेला असं तुम्ही धरून बसलायत. मला वाटतं तो आधीच्या तीन रात्रींनी, आणि त्याआधीच्या कितीतरी सीझननी कडेला आणून ठेवला होता.

कानाचा हिशोब आवाजाची पातळी आणि वेळ या दोन्हींवर चालतो. कामाच्या ठिकाणासाठी अमेरिकेच्या नायोश या संस्थेने सुचवलेला निकष असा: 85 डेसिबल असेल तर दिवसाला 8 तास. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2, 94 ला 1, 97 ला अर्धा तास, 100 ला पाव तास. कानाला 3 डेसिबलचा फरक फारसा जाणवत नाही, पण केशपेशींवरचा भार दुप्पट झालेला असतो. तुमच्या बारवर 97 डेसिबल धरू, डीजेच्या बाजूला असाल तर त्याहून जास्त असेल. सहा तासांची पाळी म्हणजे एका रात्रीत बारा दिवसांचा कोटा संपला. असं आठवड्यातून पाच-सहा रात्री, नोव्हेंबर ते मार्च. मोबाईलवर आवाज मोजणारं एखादं ॲप घ्या आणि बारच्या आत, जिथे तुम्ही उभे असता तिथे, धरून बघा. आकडा दोन-चारने इकडेतिकडे होईल, पण अंदाज नक्की येतो.

कायदा इथे तुमच्या कामी येत नाही. रात्री दहाची मर्यादा, निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, हे सगळं केंद्राच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. हणजुणे-वागातोरच्या लोकांनी त्यासाठी किती टाचा घासल्यात हे आपण पेपरात वाचतोच. पण ते नियम क्लबाबाहेर झोपणाऱ्या शेजाऱ्यासाठी आहेत. डान्स फ्लोअरवर किंवा बारमागे कानाशी किती आवाज असावा हे त्यात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली अशा ठिकाणांसाठी एक मानक काढलं: पंधरा मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर नको, लोकांना इअरप्लग मिळावेत, बसायला शांत जागा असावी. ते ऐच्छिक आहे. तुमच्या मालकांना दाखवून बघा, निदान प्लगचा डबा बारवर ठेवायला ते तयार होतील. कामगारांचे कान गेले तर सीझनच्या मध्यावर बारमन कुठून आणणार?

तेव्हा काम सोडू नका, पण प्लगशिवाय एकही पाळी करू नका. फोमचे प्लग औषधाच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात, स्वस्त असतात. पाकिटावर 30 वगैरे आकडा असतो, तो प्रयोगशाळेतला. प्रत्यक्षात त्यातून सात वजा करून उरलेल्याच्या निम्मे धरायचे, म्हणजे 11-12. तेही नीट घातले तर. बहुतेक जण ते कानाच्या तोंडाशी बुचासारखे टेकवतात आणि निम्मा प्लग बाहेर दिसत असतो. असं घाला: हात धुवा. प्लग बोटांत वळून अगदी बारीक, सुरकुतीशिवाय वात करा. दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली नळी सरळ होते. वात आत सरकवा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा, फुगेपर्यंत. आरशात समोरून बघताना प्लग दिसला तर पुन्हा घाला.

फोमची एक अडचण आहे. तो उंच स्वर जास्त कापतो, त्यामुळे संगीत गोधडीखालून आल्यासारखं लागतं आणि गिऱ्हाईकाचं बोलणं कळत नाही. तुम्ही रोज बारवर असणार आणि वाजवणारही आहात, म्हणून जरा खर्च करून संगीतकारांचे फिल्टरवाले प्लग घ्या. ते सगळ्या पट्ट्या सारख्याच खाली आणतात. गाणं गाणंच राहतं, फक्त हळू होतं. पुढे जमलं तर ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा देऊन बनवून घ्या. त्यात 9, 15, 25 डेसिबलचे फिल्टर बदलता येतात. तुम्हाला 15 पुरतो: 97 चे 82 झाले की सहा तासांची पाळी आरामात कोट्यात बसते.

शोला जा. क्रिस मार्टिनला टिनिटस आहे, त्यानेच जाहीर सांगितलंय, आणि 2025 च्या जानेवारीत तो नवी मुंबईला आपल्या कोल्डप्ले या बँडबरोबर गाऊन गेला. त्याच्याही खूप आधी, 1876 साली, चेक संगीतकार स्मेटाना यांनी चार तंतुवाद्यांसाठीच्या एका रचनेच्या शेवटी व्हायोलिनवर एक लांबलचक, टोकदार उंच स्वर लिहून ठेवला. तो त्यांच्याच कानातला होता. टिनिटस घेऊन संगीतात राहिलेली माणसं कमी नाहीत. पण स्पीकरच्या भिंतीसमोर उभं राहायचे दिवस तुमच्यापुरते संपले. प्लग आत शिरण्याआधी, पार्किंगमध्येच घाला. साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा. तो आवाज तिथेच बसून जुळवत असतो, त्यामुळे सगळ्यात नितळ तिथेच लागतं. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलपर्यंत उतरतो, म्हणजे कानावरचा भार पाव. तासाभराने पंधरा मिनिटं बाहेर जेवणाच्या स्टॉलकडे फिरून या. दुसऱ्या दिवशी पाळी घेऊ नका. पुढचे दोन-तीन महिने मात्र मोठा शो टाळाच, कान अजून ताजा दुखावलेला आहे.

शिगम्याचं उत्तर यावरून तुमच्या लक्षात आलं असेल. ढोल वाजवा, प्लग घालून. रोमटामेळात, म्हणजे शिगम्याच्या ढोल-ताशांच्या मिरवणुकीत, ढोलापेक्षा ताशाची धार कानाला जास्त लागते, म्हणून ताशेवाल्याच्या पुढ्यात उभे राहू नका, आणि मिरवणुकीत मागून चित्ररथाचा डीजे येत असेल तर मेळ त्याच्यापासून लांब राखायला म्होरक्याला सांगा. कडेला बाबा-काकांच्या खांद्यावर बसलेली पोरं असतात, त्यांच्यासाठी कानावर बसणारे इअरमफ मिळतात. ते पोरांना घातलेले मला अजून फारसे दिसत नाहीत, याचा मला दरवर्षी राग येतो.

चवथीचं, म्हणजे गणेशचतुर्थीचं, तुम्ही विचारलेलं नाही, पण मला त्याची जास्त काळजी आहे. शिगमो निदान उघड्यावर असतो. घुमट आरती चालते ती चार भिंतींत, देवापुढे दाटीवाटीने, आणि एका घरातून दुसऱ्या घरात. घुमटाचा मातीचा घुमार कानाला सोसतो. झोंबतात त्या शामेळ या चर्मवाद्याच्या काठ्या आणि सगळ्यांत जास्त कासाळें, म्हणजे झांज, तीही कुणीतरी हौसेने तुमच्या कानाशीच वाजवत असतो. त्याला दाराकडे उभं करा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. प्लग घातले म्हणून देवाचा अपमान होत नाही. घरातलं कुणी म्हातारं माणूस तसं म्हणालं तर त्याला विचारा, तुमचे घुमट वाजवणारे आजे-पणजे उतारवयात किती ओरडून बोलायला लावायचे.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट. प्लग घालून पहिल्या रात्री बारवर उभे राहाल तेव्हा स्वतःचा आवाज डोक्यात घुमेल आणि आपण फार मोठ्याने बोलतोय असं वाटेल. त्यामुळे तुम्ही आपसूक आवाज खाली आणाल आणि गिऱ्हाईक 'काय? काय?' करत बारवर ओणवं होईल. तेव्हा ठरवून, नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीत बोला. समोरच्याला मात्र कानाशी येऊन ओरडू देऊ नका. ऑर्डर बोटांनी दाखवायला सांगा, नाहीतर मेनूवर.